सुभद्राबाईंचा मॉनिटर

मॉनिटर घ्यायचा आहे, एवढं दुधराम कापगते चौकात बोलून गेले आणि अख्खं चिचगड त्यातलं जाणकार निघालं. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता त्यांनाही मत होतं, आणि ज्यांच्या घरी होता त्यांना तर दोन-दोन मतं होती. पानठेल्यावर एकाने सांगितलं, वाकडा पडदा घ्या, आता वाकड्याचंच चलन आहे. दुसरा म्हणाला, वाकड्यात माणसाचं तोंडही वाकडं दिसतं. देवरीच्या दुकानदाराने पडदा सेकंदाला किती वेळा पापणीसारखा लवतो याचं गणित समजावलं आणि जितका जास्त लवेल तितका चांगला, असं वर ठणकावलं. दुधरामांना मनातून वाटत होतं, मुळीच न लवणारा मिळाला तर बरं. शेजारच्या चुन्नीलालने तर विषयच निकालात काढला.

"मॉनिटर कायले, टीव्ही घे ना बापा! भिताडाले टांगला का साऱ्या घराले दिसते."

"साऱ्या घराले नाई दाखवाचं," दुधराम म्हणाले. "एकटीलेच दाखवाचं हाय."

ती एकटी म्हणजे त्यांची बायको, सुभद्राबाई. त्यांच्या डोळ्यांचं दुखणं मोठं विचित्र होतं. कडेकडेचं सगळं दिसायचं आणि नेमकं जिथे बघावं तिथेच काही दिसायचं नाही. दाराची चौकट दिसायची, पण दारात उभ्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही. ताटाची कड दिसायची, भात चाचपावा लागायचा. नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिली आणि सांगितलं की आतला मधला भाग सुकत चाललाय, या प्रकाराला सुई नाही की ऑपरेशन नाही, आणि उरलंय ते किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही. एवढी मोठी पाटी लावून बसलेल्या माणसाला एवढंसं सांगता येऊ नये, याचा दुधरामांना राग आला होता.

कामाची गोष्ट सांगितली ती बाहेर टेबलापाशी बसणाऱ्या एका मुलीने. ती म्हणाली, मावशींना मोबाइल लहान पडतो. मोठा, ठळक मॉनिटर टेबलावर ठेवा, त्यांना अगदी नाक टेकून बसू द्या, आणि मान जरा तिरपी करून डोळ्याच्या कडेने बघायची सवय लावा. टीव्ही नको, तो लांबून बघायचा असतो, जवळ गेलं की त्याचे ठिपके होतात. एवढं नीट आजवर कोणी समजावलं नव्हतं. दुधरामांनी त्या मुलीला दोनदा नमस्कार केला.

बघायचं काय होतं, तर नात. त्यांची मुलगी पुष्पांजली नर्स होऊन आयर्लंडला गेली होती आणि तिला तिकडेच मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच झाली, एवढीशी, म्हणून दवाखान्याच्या काचेच्या पेटीत ठेवली होती. पुष्पांजली फोटो पाठवायची, पण त्यात भुवयांपर्यंत टोपी, नाकात नळी आणि गालांवर चिकटपट्ट्या. पोर घरी आल्याशिवाय चेहरा काही उघडा पडणार नव्हता, आणि एवढ्या नाजूक जिवाला घेऊन विमानाचा प्रवास पुढच्या वर्षावर गेला होता. सुभद्राबाईंचा मात्र एकच धोशा होता. पोरगी गेली कोणावर? नाक कोणाचं, कपाळ कोणाचं? कोणी सांगून त्यांचं समाधान व्हायचं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आणि डोळ्यांनी बघायचं तर घाई होती, हे घरात कोणी बोलत नसलं तरी दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी पुष्पांजलीनेच तिकडून ऑनलाइन मॉनिटर मागवला. कंपनी दुधरामांनी निवडली. त्यांनी लवण्याचं गणित बघितलं नाही की वाकडा-सरळ बघितलं नाही. खोक्याच्या चित्रावर लिहिलं होतं, तीन वर्षं घरपोच सेवा. जंगलाच्या तोंडाशी असलेल्या गावात जी कंपनी घरपोच यायला तयार आहे ती दिलदार असणार, असा त्यांनी सरळ विचार केला.

मॉनिटर आला तेव्हा घरात सणच झाला. कापगत्यांच्या घरी नवी वस्तू पूजेशिवाय कामाला लागली नव्हती. पंप आला, पंपाला हळद लागली. स्कूटर आली, स्कूटरला लागली. शिलाई मशीन, मिक्सर, पुष्पांजलीचा लॅपटॉप, कोणी सुटलं नव्हतं. सुभद्राबाईंनी वाटीत हळद कालवली, डाव्या हाताने चौकट चाचपली आणि उजव्या हाताच्या बोटाने खालच्या पट्टीवर एकसारखी बोटं उमटवली, प्रत्येकावर कुंकू. झेंडूची माळ घातली. दुधरामांनी समोर नारळ फोडला आणि हात पुसून फोटो काढला. फोटोत मॉनिटर मखरातल्या देवासारखा दिसत होता आणि शेजारी सुभद्राबाई भलतीकडेच बघून हसत होत्या.

पुष्पांजलीचा जुना, स्वतःचा पडदा केव्हाच गेलेला लॅपटॉप जोडला आणि दुधरामांनी तिचाच एक फोटो पडदाभर मोठा केला. सुभद्राबाई खुर्ची ओढून नाक टेकवून बसल्या. मान डावीकडे केली, उजवीकडे केली.

"वाळली," मग म्हणाल्या. "गालफडं बसले पोरीचे. मले कोनी काऊन नाई सांगतलं जी?"

बायकोने कोणाचा चेहरा ओळखून त्यावर शेरा मारला, त्याला कितीतरी दिवस झाले होते. त्यांनी चुन्नीलालला हाक मारून बोलावलं आणि सगळं पुन्हा करून दाखवलं.

पुढचे दिवस बरे गेले. दुधराम सकाळी फोटो लावून शेतावर जायचे आणि सुभद्राबाई दुपारभर पडद्याला नाक लावून बसायच्या. लग्नातले, डोहाळजेवणातले, गेलेल्या माणसांचे फोटो बघायच्या. पेटीतल्या नातीचाही बघायच्या, टोपी आणि पट्ट्यांच्या मधून काही हाती लागतं का म्हणून. तिकडे पोर वजन धरत होती. आता घरी सोडतील, असं पुष्पांजली सांगू लागली. पण का कोण जाणे, सुभद्राबाईंचा उत्साह हळूहळू मावळत गेला. खुर्चीवर बसायच्या आणि लगेच उठायच्या. विचारलं तर म्हणायच्या, मान दुखते.

एका दुपारी दुधराम लवकर परतले. सुभद्राबाई पडद्यासमोर बसल्या होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. दुधराम मागून आले, त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं आणि थबकले. पडद्याच्या मधोमध काळा डाग होता. टीपकागदावर शाई सांडावी तसा, मध्ये गडद आणि कडेला पसरलेला. फोटोतल्या माणसाचा चेहरा त्यात बुडाला होता, नुसतं धोतर आणि पायताण तेवढे दिसत होते.

"हे कवापासून?"

सुभद्राबाईंनी मान वळवली. "काय कवापासून?"

"हा डाग! मंदातला!"

"तुमाले बी दिसते?"

"दिसते म्हंजे? एवढा मोठा कारा डाग, न दिसाले का झालं!"

सुभद्राबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी दुधरामांचा हात धरला आणि तो पडद्यावर टेकवला. "इथं? इथंच ना?" आणि तो बरोबर तिथेच आहे म्हटल्यावर त्या रडत-रडत हसायला लागल्या. इतके दिवस त्यांनी तो डाग आपल्या डोळ्यांचा धरला होता. डॉक्टर म्हणाला होता ते आलं, असं समजून कोणाला न सांगता गिळून बसल्या होत्या. आता कळलं की डोळा जागेवर आहे, यंत्र बिघडलंय. त्या दिवशी त्यांनी आनंदाने भजी तळली. वस्तू बिघडल्याच्या आनंदात भजी खाणारं घर उभ्या देवरी तालुक्यात दुसरं नसेल, पण दुधरामांनीही पोटभर खाल्ली. त्यात काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं. कंपनी होती, तीन वर्षांची घरपोच सेवा होती, नुसता फोन करायचा होता.

फोन करायचा म्हणजे स्लॅबवर चढायचं, कारण घरात वायफाय आलं असलं तरी मोबाइलची रेंज खाली तुटायची. स्लॅबवर उभं राहिलं की एक यंत्रबाई आधी त्यांचे आभार मानायची आणि मग त्यांना बटणं दाबायला लावायची. हिंदीसाठी दोन. मॉनिटरसाठी चार. तक्रारीसाठी पुन्हा एक. मग गाणं वाजायचं. गाणं संपून माणसाचा आवाज आला की नेमकी रेंज जायची आणि यंत्रबाई पुन्हा पहिल्यापासून आभार मानायची. एकदाचं माणूस सापडलं तर ते म्हणालं, सर, रजिस्टर्ड नंबर से बात कीजिए. रजिस्टर्ड नंबर पुष्पांजलीचा. म्हणजे ओटीपीचे आकडे जाणार आयर्लंडला, ती दिवसभर पोरीच्या पेटीपाशी, फोन बाहेरच्या कपाटात. आणि आकडा तर डोळ्याची पापणी लवेपर्यंतच चालायचा. बापाने चिचगडच्या स्लॅबवर ताटकळायचं आणि लेकीने तिकडे हातमोजे काढून कपाटाकडे पळायचं, असं पुष्कळदा झालं, तेव्हा कुठे तक्रार नोंदली गेली.

मग कंपनीने फोटो मागितले. डागाचा, नंबराच्या पट्टीचा, बिलाचा. आणि शेवटी एक ओळ होती की वस्तू मिळाली तेव्हा ती कोणत्या अवस्थेत होती हे दाखवणारा फोटो असल्यास जोडावा. दुधरामांना या ओळीने फार बरं वाटलं. कंपनीला शंका असणार की गावातल्या माणसांनी वस्तू आदळली-आपटली असेल. त्यांनी पूजेचा फोटो शोधून काढला. माळ, हळद, कुंकू, नारळ. बघा म्हणावं, कशी ठेवली होती तुमची वस्तू. खाली त्यांनी स्वतःच्या हिंदीत एक ओळही लिहिली, की हमने आपके मॉनिटर को पहले दिन से भगवान के जैसा रखा है. पाठवून झाल्यावर फोटो त्यांनी चुन्नीलालला दाखवला आणि चुन्नीलाल म्हणाला, हा पाहून त नाई म्हनाची हिंमतच नाई होनार.

गोंदियाहून हिमांशू नावाचा इंजिनिअर आला. मोटरसायकलवर धूळ खात आलेला पोरगेला माणूस, पण हात सफाईदार. त्याने चौकट बोटांनी दाबून पाहिली, उजेडात तिरकी धरली.

"काका, पॅनल गेला आहे. आतून. कंपनी का ही माल खराब निकला, तुमचा काही दोष नाही. मी लिहून देतो, नवा येईल."

"पक्कं ना?"

"पक्कं. कभी कभी ऐसा लॉट आता है."

सुभद्राबाईंनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. कंपनीचा जावई असल्यासारखा तो पाटावर बसून जेवला.

आणि मग कंपनीचा निरोप आला. चार ओळींचा. ग्राहकाकडून द्रव पदार्थ लागल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, तक्रार बंद करण्यात येत आहे, आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

दुधरामांनी तो पुन्हा-पुन्हा वाचला. द्रव पदार्थ? त्यांनी हिमांशूला फोन लावला. त्याचा आवाज पडलेला होता.

"मैंने तो सही लिखा था, काका. ऊपर से काटलं. तुम्ही फोटो पाठवला ना पूजेचा, त्यात हळद ओली दिसते. बोले, पानी गया अंदर. मी सांगितलं, डाग मधात आहे, हळद तर खालच्या पट्टीवर होती. पण फोटो सामने है, माझं कोण ऐकतो."

फोटो दुधरामांनी स्वतः पाठवला होता. कोणी मागितलाही नव्हता, असल्यास म्हटलं होतं. डोक्यात कोणी पाटा घातल्यासारखे ते स्लॅबवर बसून राहिले. खाली सुभद्राबाई विचारत होत्या, काय म्हनते कंपनी? त्यांनी वरूनच उत्तर दिलं.

"पाठवते म्हनते. माल यायचा हाय मागून."

त्या दिवसापासून दुधरामांचं एक काम वाढलं. कंपनीशी भांडायचं आणि ते घरात कळू द्यायचं नाही. शेतावर बांधाच्या एका कोपऱ्यात थोडी रेंज यायची, तिथे जाऊन ते भांडायचे. यंत्रबाईच्या पलीकडे रोज नवं माणूस निघायचं आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागायचं. सगळ्यांचा आवाज गोड. सगळ्यांना त्यांची अडचण समजत होती. मैं समझ सकता हूँ सर, मैं समझ सकती हूँ सर. एवढी समजूतदार माणसं दुधरामांना आयुष्यात कधी भेटली नव्हती, आणि त्यातल्या एकाच्याही हातात काही नव्हतं.

"बाई, हमारे यहाँ सब को हल्दी लगाते," ते सांगायचे. "ट्रॅक्टर को लगाते. पंप को लगाते. किसी का कुछ नहीं बिगड़ा!"

"मैं समझ सकती हूँ सर. सिस्टम में लिक्विड डॅमेज दिखा रहा है."

"आपका इंजिनिअर बोला, हल्दी से नहीं हुआ!"

"जी सर. क्या मैं आपकी कोई और सहायता कर सकती हूँ?"

एकदा कंपनीचाच फोन उलटा आला, तोही भरदुपारी, घरात. दुधराम घाईघाईने स्लॅबकडे निघाले, पण हात लागून आवाज मोठा झाला आणि पायरीवर पाय पडायच्या आत ती बाई बोलून गेली. सर, प्रोडक्ट पर हल्दी-पानी लगाया गया था, इसलिए क्लेम रिजेक्ट हुआ है. घर लहान होतं. सुभद्राबाई चुलीपाशी होत्या.

दुधराम फोन बंद करून आत आले, तेव्हा त्या आपल्या उजव्या हाताची बोटं पदरात गुंडाळून बसल्या होत्या.

"म्हंजे मीच नासवला," त्या म्हणाल्या.

"अवो, तसं नाई. तो पोरगा सांगून गेला ना आतून खराब होता म्हनून. कंपनी खोटी बोलून राहिली."

"एवढी मोठी कंपनी कायले खोटी बोलन? माहाच हात लागला."

दुधराम परोपरीने सांगत राहिले, पण ती गोष्ट त्यांच्या मनातून निघेना. संध्याकाळी चुन्नीलाल म्हणाला, सोड ना बापा तो वाद, गोंदियाले जा अन् दुसरा आन. दुधरामांच्याही मनात ते होतं. गोंदियाला जाऊन दुसरा उचलून आणायला एक दिवस पुरला असता. पण दुसरा आणला असता तर पहिला हळदीनेच गेला हे कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि सुभद्राबाईंनी त्या दुसऱ्याला बोट लावायला नकार दिला असता. दुधरामांना वस्तू नको होती, कंपनीच्या तोंडून हवं होतं की बाई, तुमचा दोष नाही. शहाणा माणूस याला हट्ट म्हणेल. दुधरामही पुढे स्वतःला तेच म्हणणार होते, पण तेव्हा ते हट्टालाच पेटले होते.

मधल्या काळात नात तिकडे दवाखान्यातून घरी आली. पुष्पांजलीने फोन लावला आणि दुधरामांनी बिघडलेल्या पडद्यावरच चित्र लावून पाहिलं. चेहरा डागात गेला. त्यांनी चित्र कोपऱ्यात सरकवलं, तर ते तळहाताएवढं झालं आणि सुभद्राबाईंना त्यातलं काही कळेना. मग चुन्नीलालच्या टीव्हीवर बघायचं ठरलं. टीव्ही भिंतीवर उंच. सुभद्राबाई स्टुलावर चढल्या, शेजारच्या दोघींनी त्यांना धरलं, बाकीचं आळीभर बघायला गोळा झालं. जवळ गेल्यावर पडद्यावर नुसते रंगांचे ठिपके होते. त्या खाली उतरल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, दिसली, गोड हाय.

दुधरामांना आणखी काही दिसत होतं, पण ते बघायची त्यांची तयारी नव्हती. चहा कपाच्या बाहेर पडायचा. हाक एकीकडून मारली तर सुभद्राबाई दुसरीकडे मान वळवायच्या. अंगणातल्या दोरीवरचं लुगडं त्यांना आता हाताने शोधावं लागायचं. विचारलं तर म्हणायच्या, डोऱ्याचं ठीक हाय, तुमचं कंपनीचं सांगा. आणि कंपनीचं तर दुधराम सांगतच होते, पावसाळा सरून धान निसवायला लागलं तरी सांगत होते. ग्राहकांसाठीच्या सरकारी नंबरवरही त्यांनी तक्रार टाकली. तिथल्या माणसालाही त्यांची अडचण समजली.

आणि एके दिवशी, काही कारण नसताना, निरोप आला की आपला मॉनिटर बदलून देण्यात येत आहे. आधी का नाकारला ते कळलं नव्हतं, आता का दिला तेही कळलं नाही. हिमांशूला विचारलं तर त्यालाही ठाऊक नव्हतं. ऊपर से हो गया काका, तो म्हणाला. दुधरामांनी मात्र घरात शिरता-शिरताच जाहीर केलं.

"मानलं कंपनीनं! आपली चूक नोहोती म्हनते. माल खराब निंगाला म्हनते."

"असं लिवलं हाय?"

"मंग! लेखी."

लेखी तसं काही नव्हतं. पण सुभद्राबाईंचा चेहरा उजळला आणि दुधरामांना वाटलं, झाली एवढी मारामारी कारणी लागली.

खोकं आलं. दुधरामांनी हळदीची वाटी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली, पण सुभद्राबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको जी. यंदा नुसते हात जोडतो." त्यांनी खोक्याला लांबून हात जोडले. दुधरामांनी तारा जोडल्या, पडदा लावला, पांढराशुभ्र उजेड खोलीभर पडला. त्यांनी पडदा कोपऱ्या-कोपऱ्यातून निरखला. कुठे ठिपका नाही, रेघ नाही. मग पुष्पांजलीला फोन लावला.

"बाबा, थांबा, तिला जवळ घेते," पुष्पांजली म्हणाली, आणि पोरीचा चेहरा पडदाभर झाला.

दुधराम बघतच राहिले. टोपी नाही, नळी नाही, पट्टी नाही. आणि त्या चिमुकल्या चेहऱ्याच्या मधोमध सुभद्राबाईंचं नाक होतं. तेच, शेंड्याला किंचित बसकं. हसली तर गालाला खळीही त्याच बाजूला. त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी जीभ आवरली. हे सुभद्राबाईंनी बघायचं होतं, सगळं त्याच्यासाठीच तर होतं.

सुभद्राबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मान डावीकडे केली. उजवीकडे केली. हनुवटी वर केली, खाली केली. इतक्या जवळ गेल्या की काचेवर श्वासाची वाफ धरली. तिकडे पोर हुंकार देत होती.

"दिसली का माय?" पुष्पांजलीने विचारलं.

सुभद्राबाई मागे सरकल्या.

"अजी, कंपनीनं हा बी तसाच धाडला," त्या म्हणाल्या. "मंदात तोच कारा डाग हाय."

पडद्यावर पुष्पांजलीचा हात तोंडाशी गेला. ती नर्स होती, तिला सांगावं लागलं नाही.

"माय, अगं," तिने सुरुवात केली, तर दुधरामांनी कॅमेऱ्यासमोर हात आडवा धरला.

"हाय ना जी डाग?" सुभद्राबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा दुधरामांच्या थोडा डावीकडे, भिंतीकडे होता. आवाजात दम राहिला नव्हता. "तुमी बी पाहा ना. हाय ना?"

दुधरामांनी पडद्याकडे बघितलं. नात त्यांच्याकडे बघून टक्क डोळे उघडून हसत होती. नागपूरला जाऊन काय ऐकायला मिळणार ते त्यांना पाठ होतं. त्या दुखण्याला सुई नव्हती, ऑपरेशन नव्हतं, नंबर दाबून तक्रार टाकायची सोय नव्हती. आणि बांधाच्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी जे दिवस घालवले होते ते कोणीही बदलून देणार नव्हतं.

"हाय," ते म्हणाले. "तसाच हाय. चोर हायेत साले."

सुभद्राबाईंनी सुस्कारा सोडला. "मंग लावा फोन त्याईले. सोडू नका. अन् नाक कोनाचं ते तुमी मले सांगू नका बरं, पुष्पे, तू बी नको सांगू. दुसरा आला का मी माहीच पाहीन."

दुधराम स्लॅबवर गेले नाहीत. तिथेच, त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांनी नंबर लावला. हिंदीसाठी दोन, मॉनिटरसाठी चार, तक्रारीसाठी एक. नवल म्हणजे त्या दिवशी घरात रेंज होती. गोड आवाजाची एक बाई पलीकडे आली आणि तिने विचारलं, सर, नए प्रोडक्ट में क्या तकलीफ है?

"बीच में काला दाग है," दुधराम मोठ्याने, सुभद्राबाईंना नीट ऐकू जाईल असं म्हणाले. "पूरा चेहरा उसमें जाता है. कुछ दिखता नहीं."

"मैं समझ सकती हूँ सर," ती बाई म्हणाली.